दुष्काळातल्या अनोळखी लेकींना घर देणाऱ्या पंडिता रमाबाई

वाळूज : ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी शेवटचा श्वास घेतला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येते. विधवांसाठी काम केले, मोठ्या विदुषी होत्या, एवढे सगळ्यांच्या ध्यानात राहते. पण दुष्काळात या बाईने ज्या शेकडो पोरी उचलून आणल्या, त्यातली एकही तिच्या नात्यातली नव्हती, गावातली नव्हती, बऱ्याच जणींची तर भाषासुद्धा वेगळी होती, ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते.

आपल्याकडचे लोक नगर रस्त्याने पुण्याला जातात. नगर ओलांडताना एक केडगाव लागते. ते हे केडगाव नव्हे. रमाबाईंचे केडगाव दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर आहे. तिथे त्यांनी उभा केलेला मुक्ती सदनाचा आश्रम आजही चालू आहे.

पाहुणचारात घर रिकामे झाले

रमाबाईंच्या आयुष्यात पाहुणचार जन्माच्या आधीपासूनच होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी ते पुण्यात साठे शास्त्रींकडे शिकायला होते. साठे शास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यावर राणीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत शिकू शकते, हे अनंतशास्त्रींनी तिथे डोळ्यांनी पाहिले आणि ते त्यांच्या मनात बसले. पुढे त्यांनी आपली बायको लक्ष्मीबाई हिला शिकवायला घेतले. त्या काळात हे कोणाला पटणार? लोकांनी नावे ठेवली, जाब विचारले. शेवटी शास्त्रीबुवा घर सोडून कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ या ठिकाणी जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

गंगामूळ हे नदीच्या उगमाचे ठिकाण. यात्रेकरू येत. विद्यार्थी शिकायला येत. आला त्याला जेवण, आला त्याला मुक्काम, असा शास्त्रीबुवांचा रिवाज होता. जंगलात दुकान नाही, धर्मशाळा नाही, त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्यांच्याच दारात. होती नव्हती ती जमीनजुमल्याची कमाई यात गेली, डोक्यावर कर्ज झाले. शेवटी आश्रम मोडून कुटुंबाला बाहेर पडावे लागले. तेव्हा रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात ठेवून, पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन जंगलातून खाली आणले.

त्यानंतर या कुटुंबाला कायमचे घर राहिले नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचे, देवळात नाहीतर घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक जे ठेवतील त्यावर गुजराण करायची. वाटेतच आईने रमाबाईंना संस्कृत शिकवले. पाटी-पुस्तक थोडे, तोंडपाठ जास्त. मिळालेल्या पैशातलाही बराच भाग शास्त्रीबुवा दानधर्मात घालत.

अकरा दिवस पाला आणि पाणी

मग दुष्काळ आला. १८७४ च्या पुढची ती वर्षे. दक्षिणेत पिके गेली, धान्य महागले. पुराण ऐकायला कोणी बसेना आणि बसले तरी ठेवायला कोणाकडे काही नव्हते. शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, डोळे गेले होते. मुलांना त्यांनी शास्त्र शिकवले होते, पण मजुरी शिकवली नव्हती आणि हात पसरायला तर मुळीच शिकवले नव्हते. एकेक दागिना, एकेक भांडे, शेवटी अंगावरची चांगली वस्त्रे विकून झाली. नंतर विकायलाही काही उरले नाही.

तिरुपतीच्या परिसरात जंगलात या कुटुंबाने अकरा दिवस आणि अकरा रात्री काढल्या. खायला झाडपाला, वर पाणी, आणि कधी मूठभर रानखजूर. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला आणि आता कुळाचा मान बाजूला ठेवून आपण अंगमेहनतीचे काम करू, असे त्याने वडिलांना सांगितले. जलसमाधी टळली, पण शरीर थकले होते. थोड्याच दिवसांत शास्त्रीबुवा गेले. काही आठवड्यांनी आई तापाने पडली.

आईला भूक सहन होईना म्हणून रमाबाई शेजारच्या एका बाईकडे भाकरी मागायला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मागायला गेलेली मुलगी, तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली. पण आईच्या घशाखाली काही उतरले नाही. ती गेली तेव्हा तिरडी उचलायला चार माणसे जमेनात. दोघे जण मिळाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदा मुलीला, रमाबाईंना द्यावा लागला. स्मशान लांब होते. परक्या मुलखात आपले कोणी नसले की मेल्यावरही किती हाल होतात, हे त्यांना तेव्हा कळले. पुढे थोरली बहीणही गेली.

उरले दोघे बहीणभाऊ. ते चालत राहिले. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरकडे, तिथून बंगालकडे, सुमारे चार हजार मैल म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर अंतर त्यांनी बहुतेक पायीच तोडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची पाळी आली. पांघरायला काही नाही. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. कित्येक वेळा मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खाल्ले.

रमाबाईंनी नंतर जे केले त्याचे मूळ इथे आहे. दुष्काळातली पोर रस्त्याने चालते तेव्हा तिच्या पोटात काय होत असते, आणि दार बंद झाल्याचा आवाज कसा लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मान मिळाला, माणसे गेली

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात घडाघडा बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. नाव देशभर झाले. पण १८८० साली भाऊ श्रीनिवास आजारपणात गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. नवरा ब्राह्मण नव्हता, दोघांची जातही वेगळी, प्रांतही वेगळा. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. १८८१ साली मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर दहा महिन्यांचे लेकरू.

रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. मुलींच्या शिक्षणासाठी बाई शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे ठामपणे मांडले. स्वतः डॉक्टरी शिकावी म्हणून १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्याने डॉक्टरी काही जमली नाही.

फुलहॅमचे घर

इंग्लंडात त्या वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे त्या स्वतःच पाहुण्या होत्या. परका देश, परकी भाषा, परके अन्न, जवळ लहान मूल. त्या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होते. ज्या बायका वाईट मार्गाला लागल्या किंवा लावल्या गेल्या, ज्यांना त्यांचे आईबाप दारात उभे करत नव्हते, त्यांना तिथे ठेवून घेत. भगिनी त्यांना आंघोळ घालत, आजारात उशाशी बसत, काम शिकवत. रमाबाईंनी हे पाहिले आणि त्या हलून गेल्या. आपल्याकडे अशा बाईला पाणीसुद्धा कोणी देत नाही, हे त्यांना माहीत होते.

हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्यावर तिने त्यांना बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. येशू उन्हातून चालून थकलेला, विहिरीवर बसलेला. पाणी भरायला एक बाई येते. ती दुसऱ्या जमातीची, त्या जमातीशी यहुदी लोकांचा पाण्याचाही व्यवहार नाही. शिवाय गावात तिचे नाव खराब. तिच्याकडेच तो पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीने बोलतो. विहीर, पाणी आणि शिवाशिव म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. रमाबाईंच्या काळजाला ती गोष्ट भिडली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठी खळबळ झाली. ज्यांनी पंडिता म्हणून हार घातले होते त्यांनीच तोंड फिरवले. रमाबाईंनीही नवा धर्म डोळे मिटून घेतला नाही. मठातल्या वरिष्ठांशी त्यांचे वाद झाले, न पटलेली गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. मात्र एक गोष्ट त्यांनी घट्ट धरली. उपाशी, उघडा, परका माणूस दारात आला तर तो ख्रिस्तच आला असे समजून त्याला घरात घ्यायचे, ही ख्रिस्ती शिकवण त्यांना खरी वाटली.

शारदा सदन

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि पुढे दोन-तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे केली. बॉस्टनच्या लोकांनी संस्था काढून दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले.

इथे येणाऱ्या मुली बहुतेक वरच्या जातीतल्या बालविधवा. त्यांच्या खाण्यापिण्याचे, सोवळ्याचे नियम त्यांना पाळू दिले जात. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्यांचे पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले आणि त्या आनंदीबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कर्व्यांच्या कामात त्यांचा मोठा वाटा राहिला.

पण १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. सदन धर्मापासून अलिप्त राहील असा शब्द होता, तो मोडला, अशी तक्रार झाली. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते की आपण कोणावर जबरदस्ती करत नाही, पण आपली प्रार्थना दार बंद करून लपून करणार नाही. सदन चालू राहिले. पुण्यात मात्र त्या एकट्या पडल्या.

१८९७ : तंबूतले पाहुणे

अमेरिकेची मदत दहा वर्षांची होती. पुढे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा साधा शेतकरी हिशोब होता. विहिरी खणून घेतल्या, झाडे लावली.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागातून, भयंकर बातम्या येऊ लागल्या. रमाबाई उठल्या आणि तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्या त्यांनी फिरून पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली माणसे, झाडाखाली टाकलेली मुले. आणि त्याहून वाईट म्हणजे, एकट्या पडलेल्या पोरींना भाकरीचे आमिष दाखवून बाजारात नेणारे दलाल तिथे फिरत होते. वीस वर्षांपूर्वीची आपली दशा रमाबाईंना आठवली. तेव्हा आपल्या पाठीशी निदान भाऊ होता. या पोरींना कोणीच नव्हते.

किती मुली आणायच्या, पैसे कुठून येतील, जागा कुठे आहे, याचा पूर्ण हिशोब बसल्यावर निघायचे असते तर त्या निघाल्याच नसत्या. त्यांनी मुली आणल्या. आधी थोड्या, मग आणखी, असे करत सुमारे ३०० मुली आणि बायका.

आणि नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ. शहरात गर्दी करायला मनाई. एवढ्या बाहेरच्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत, असे अधिकाऱ्यांनी बजावले. मग रमाबाईंनी त्यांना केडगावच्या माळावर नेले. तिथे इमारत नव्हती. तंबू ठोकले, गवताची छपरे केली. प्लेगच्या दवाखान्यात बायकांची जी आबाळ आणि बेअब्रू होत होती, त्याबद्दलही रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकार चिडले, पण त्या मागे हटल्या नाहीत.

आलेल्या पोरींची अवस्था काय असेल, याचा विचार करा. अंगावर फोड, केसांच्या जटा, पोटे फुगलेली. भुकेने वेड्या झालेल्या. एका वेळी भरपूर जेवण दिले तर पोट सहन करत नाही, थोडे थोडे द्यावे लागते. काही पोहोचूनही वाचल्या नाहीत. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली इथे उपयोगी पडल्या. कालपर्यंत सोवळ्यात वाढलेल्या त्या मुलींनी या पोरींचे केस कापले, जखमा धुतल्या, घास भरवले. एकेकीने चार-चार जणींची जबाबदारी घेतली. इथे जात विचारली जात नव्हती. सगळ्यांची एकच पंगत.

१८९८ साली पक्क्या इमारतीचे काम सुरू झाले आणि जागेला मुक्ती हे नाव मिळाले.

छप्पनचा दुष्काळ

लोकांना वाटले, आता पुरे. पण दोनच वर्षांनी १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात आणि राजपुतान्यात त्याला छप्पनिया म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होते. निजामाच्या राज्यातला आपला मराठवाडाही त्यात होरपळला. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. खडी फोडायची, मिलो खायचा, सुकडीसाठी रांग लावायची. ७२ ला निदान सरकारी कामे आणि बाहेरचे धान्य होते. १९०० ला माणसे अक्षरशः रस्त्यात पडत होती.

रमाबाईंनी आपली माणसे गुजरातकडे पाठवली. तिथून गाड्या भरून मुली आल्या. मुक्तीतली संख्या दीड हजाराच्या वर गेली. त्या वेळी केडगाव हे छोटेसे खेडे. त्याच्या शेजारी दीड हजार बायका-पोरींचे दुसरे गाव उभे राहिले. रोजच्या दोन वेळच्या धान्याचा आणि पाण्याचा विचार केला तरी शेतकऱ्याला अंदाज येईल. शंभराच्या वर गुरे होती. शेती होती, भाजीपाला होता. दुष्काळातही विहिरींवर बरेच भागले.

आयता पाहुणा नाही

आपल्याकडे पाहुणा म्हणजे दोन दिवसांचा. गोडधोड करायचे, टॉवेल-टोपी द्यायची, गाडीत बसवून द्यायचे. पण ज्याला परत जायला घरच नाही अशा पाहुण्याचे काय करायचे? रमाबाईंच्या कामातला खरा अवघड भाग हा होता.

त्यांनी वडिलांचा पाहुणचार पाहिला होता. मन मोठे होते, पण त्यात घर बुडाले आणि खाऊन गेलेला मात्र जसा आला तसाच गेला. रमाबाईंनी मन वडिलांचे ठेवले आणि रीत बदलली. मुक्तीत आलेली प्रत्येक जण वाचायला-लिहायला शिकायची आणि सोबत हाताला एक काम शिकायची. विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलाचा घाणा, शेतकाम, स्वयंपाक, छापखाना. पूर्वी दारोदार फिरणारी पोर आता माग चालवू लागली, खिळे जुळवून पुस्तक छापू लागली. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका, कित्येकींची लग्ने होऊन संसार उभे राहिले.

फुलहॅमचे घरही त्या विसरल्या नव्हत्या. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी मुक्तीतच कृपा सदन काढले. म्हाताऱ्या, अपंग, आंधळ्या यांनाही वेगळी जागा केली. दारात आलेल्या बाईचे मागचे काय, हे तिच्या तोंडावर उगाळायचे नाही, असा तिथला कायदा.

पैसा कुठून येई? देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांकडून देणग्या येत. ठरलेली अशी मोठी रक्कम नव्हती. कोठारात धान्य कमी झाले की रमाबाई प्रार्थना करत आणि कामालाही लागत. स्वतः पांढरे साधे लुगडे नेसत, त्याच घरात राहत, शाकाहारी जेवत.

वाद आजही आहे

रमाबाईंचे सगळेच सगळ्यांना पटले असे नाही. मुक्तीत रोज ख्रिस्ती प्रार्थना होई, बायबल शिकवले जाई, आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोराला भाकरी देताना त्यासोबत धर्म देऊ नये, असे तेव्हाही लोक म्हणत, आजही म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचे पोट आपल्या हातात आहे, त्याचे मन मोकळे राहते का, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या आश्रमाला, छात्रालयाला विचारला पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. त्या पोरी छावण्यांत मरत होत्या, दलालांच्या हाती जात होत्या, तेव्हा त्यांच्या जातीचे, गावचे, धर्माचे फार थोडे लोक त्यांना घ्यायला आले. रमाबाई गेल्या. आपण कोणत्या श्रद्धेने हे करतो, हे त्यांनी कधी लपवले नाही. आणि राहणीने त्या शेवटपर्यंत मराठीच राहिल्या. लुगडे सुटले नाही, भाषा सुटली नाही, ताटातले अन्न सुटले नाही. परदेशी मिशनरी चुकले तर त्यांनाही त्या सुनावत.

शेवटची वर्षे

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी एका वेगळ्या कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सगळ्या बायबलचे मराठीत भाषांतर केले. शिकलेल्यांसाठी नाही, तर खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. ज्या मुली दुष्काळातून आल्या होत्या, त्यांच्याच हातांनी मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले.

मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला त्यांनी मुलींसाठी शाळा काढली होती. आईनंतर मुक्ती त्याच बघणार होत्या. पण १९२१ च्या जुलैमध्ये चाळिशीतच त्या गेल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक लेक. रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतराचे शेवटचे काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळत नव्हता, त्या मुलीच्या मागे शेकडो लेकी रडल्या.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते. स्वतंत्र भारतात १९८९ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले.

वाळूजच्या दारात

आपला भाग पाहुणचाराला मागे नाही. आषाढीला दिंडी आली की गावे रस्त्यावर येऊन जेवण वाढतात, चहा देतात, पाय चेपतात. नाथषष्ठीला पैठणला निघालेल्या माणसाला कोणी उपाशी जाऊ देत नाही. पण वारकरी आपला असतो. त्याच्या गळ्यात माळ दिसते, त्याच्या तोंडी आपला विठ्ठल असतो.

परका वेगळा. वाळूजला एमआयडीसी आल्यापासून परका रोज येतो. बिहारचा, उत्तर प्रदेशचा, विदर्भाचा, आपल्याच मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावाचा. पाठीवर पिशवी, हातात मोबाईल, खोली शोधत फिरतो. खोली आहे का, असे त्याने विचारले की बऱ्याच घरांत आधी आडनाव विचारले जाते. उसाच्या हंगामात फडावर आलेल्या टोळीची कोपी गावाबाहेर असते, तिच्यातली बाळंतीण कशी आहे हे गावातल्या किती जणांना माहीत असते?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच परके रस्त्याने चालत निघाले. तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी त्यांना खिचडी दिली, पाणी दिले, चपला दिल्या. आणि त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेली ती माणसे होती. थकून जिथे पाठ टेकली ती जागा रूळ निघाली. झेलमच्या वाळूत खड्डा खणून झोपलेले दोन बहीणभाऊ आणि रुळावर झोपलेले हे मजूर यांच्यात दीडशे वर्षांच्या आसपासचे अंतर आहे. रात्री टेकायला छप्पर नाही, ही अडचण मात्र दोघांची एकच.

रमाबाईंना हे त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून सुचले. कोणाला ते वारकरी पंथातून सुचेल, कोणाला इस्लाममधून, कोणाला बाबासाहेबांच्या विचारातून. धर्म ज्याचा त्याचा. पण आपल्या ओळखीच्या माणसाला जेवू घालणे आणि अनोळखी माणसाला घरात घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम करणारी माणसे कमी असतात, हे रमाबाईंचे चरित्र वाचले की कळते. पुढच्या वेळी दारात कोणी उभा राहिला तर आडनावाच्या आधी त्याला पाणी विचारले, तरी या बाईंचा स्मृतिदिन पाळल्यासारखे होईल.